जगाच्या संस्कृती कोल्हापुरातून पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा जमतो आणि जगातल्या एखाद्या समाजाबद्दल वाचतो, बोलतो, वाद घालतो. प्राध्यापक थोडे, बाकी बँकेतले, शेतीतले, दुकानदार, काही निवृत्त शिक्षिका. नवीन येणारे बहुतेक जण तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. त्याला इलाज नाही.

कोल्हापुरात बसून जगाच्या संस्कृती कशा कळणार? देश फिरायला नकोत का?

पैसे आणि सवड असेल तर जरूर फिरा. मात्र आठ दिवसांत पाच देश उरकणाऱ्या टूरमध्ये माणसं भेटत नाहीत, हॉटेलांची स्वागतकक्षं भेटतात. त्याआधी सीपीआर रुग्णालयासमोरच्या टाऊन हॉलमध्ये जाऊन या. तिथल्या संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी काशाची मूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात खोदकाम झालं, तेव्हा रोमन घडणीच्या इतर वस्तूंबरोबर ती सापडली. सातवाहनांच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, रोमन साम्राज्यातला माल मोसमी वाऱ्यांच्या आधारानं पश्चिम किनाऱ्याला लागायचा आणि घाट चढून देशावर यायचा. त्या मालाबरोबर हा देवही आला.

आता विचार करा. समुद्राचा देव सह्याद्री ओलांडून इथं आल्यावर त्याला समुद्रदेव म्हणून कोण ओळखत असेल? कुणी पुजला असेल, कुणी शोभेला ठेवला असेल, की तांबटानं नुसतं काशाचं वजन बघून घेतला असेल? वस्तू पोचली म्हणजे तिचा अर्थ पोचलाच असं होत नाही. पुढची बरीच उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात, म्हणून मूर्ती आधी बघून या.

वळिवड्याला पोलंडचे लोक राहत होते ही दंतकथा आहे का?

नाही, पूर्ण खरं आहे. १९३९ साली पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत रशियानं घेतला आणि पुढच्या दोन वर्षांत तिथल्या लाखो लोकांना सैबेरिया, कझाकस्तानकडे हाकललं. १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा राजकारण फिरलं आणि या लोकांना बाहेर पडायची मुभा मिळाली. इराणमार्गे त्यांतले काही भारतात आले. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून १९४८ पर्यंत त्यांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. हातीपायी धड पुरुष सैन्यात गेलेले. छावणीत चर्च होतं, शाळा होत्या, नाटकं व्हायची, मुलांची स्काउट पथकं होती. काही पोलिश मुलींनी इथल्याच मुलांशी लग्न केलं आणि त्या इथल्याच झाल्या.

जामनगरची गोष्ट वेगळी. तिथं जामसाहेबांनी बालाचडीला आधी, १९४२ मध्ये, अनाथ मुलांना आसरा दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही गोष्टी एकत्र कालवून येतात.

या कहाणीचा दुसरा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. पोलिश गेले आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहायला आली. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आपण जिथं जातो, ती जागा दोन देशांच्या उखडलेल्या माणसांना एकापाठोपाठ एक छप्पर देऊन बसली आहे. पोलिश लोकांचं स्मारक महावीर उद्यानात आहे. तिकडे वॉर्सामध्येही कोल्हापूरचं स्मारक आहे; ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथं पुष्पचक्र वाहिलं, तेव्हा कुठं आपल्याकडच्या कित्येकांना महावीर उद्यानातला तो स्तंभ कशाचा आहे ते समजलं.

इटलीत कोल्हापूरच्या छत्रपतींची समाधी आहे म्हणतात, ती कुणाची?

छत्रपती राजाराम महाराजांची. ताराराणींचे पती ते नव्हेत, त्यांच्या पुष्कळ नंतरचे. १८५० चा जन्म, १८६६ मध्ये गादीवर आले आणि १८७० मध्ये युरोपला निघाले. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं, असं मानणारी माणसं तेव्हा घराघरात होती. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाला भेटले, संसद बघितली, शाळा-कारखाने बघितले, रोजनिशी लिहिली. ती पुढे १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला गेले. वय अवघं वीस.

पेच त्यानंतरचा. इटलीत तेव्हा दहन चालत नव्हतं. मृताला पुरायचं, हाच धर्म आणि हाच कायदा. बरोबरच्या मंडळींनी आग्रह धरला आणि शहराच्या कारभाऱ्यांनी खास परवानगी दिली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कॅशीने नावाच्या उद्यानाच्या टोकाला, रात्री चिता रचली. संगमच निवडला, कारण परमुलखातसुद्धा आपल्या माणसांना जागेची खूण पटायला हवी होती. १८७४ मध्ये तिथं छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा बसवला. जवळच्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक आजही ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. पण भारतीय कोण, हे तिथल्या किती जणांना ठाऊक असेल याची शंकाच आहे.

याला जोडून एक गोष्ट सांगतो. इटलीतलं पहिलं आधुनिक दहन मिलानला झालं ते १८७६ साली, म्हणजे यानंतर जेमतेम पाच-सहा वर्षांनी. कॅथलिक चर्चनं १८८६ मध्ये दहनावर बंदी घातली आणि १९६३ मध्ये ती सैल केली. ‘अमुक समाज असंच करतो’ असं म्हणताना ‘कधी’ हा शब्द गाळू नये, तो यासाठी.

शेवटी सगळ्या संस्कृती सारख्याच ना?

हा प्रश्न नसतो, बहुतेक वेळा चर्चा संपवायची घाई असते. सारखेपणा दिसला की आपल्याला बरं वाटतं आणि आपण तिथंच थांबतो. खरी मजा त्याच्या पुढं आहे.

झेंडूचं उदाहरण घ्या. दसऱ्याला शिवाजी मार्केटमध्ये पिवळे-केशरी ढीग लागतात. हे फूल मूळचं मेक्सिकोचं. पोर्तुगीज काळात इकडे आलं. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो आणि तिथं झेंडू हे मेलेल्यांचं फूल आहे. घरात चौरंगासारखी मांडणी करतात, त्यावर गेलेल्यांचे फोटो, त्यांना आवडणारं जेवण, दारू, सिगारेटसुद्धा. दारापासून मांडणीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, आत्म्याला घर सापडावं म्हणून. आपण ज्याचं तोरण शुभ म्हणून दाराला लावतो, त्याच फुलानं ते मृतांना घरात बोलावतात.

हे ऐकलं की कुणीतरी लगेच म्हणतं, ‘म्हणजे आपला पितृपक्षच!’ थोडंफार हो. आवडीचं जेवण दोन्हीकडे आहे. पण आपल्याकडे पितृपक्षात लग्न ठरवत नाहीत, नवी खरेदी टाळतात, वातावरण गंभीर असतं, आणि जेवण पोचलं की नाही ते कावळा सांगतो. तिकडे लोक कबरीपाशी रात्रभर बसून गातात-खातात, साखरेच्या कवट्या करून त्यांवर जिवंत मित्राचं नाव लिहून भेट देतात. मृत्यूची थट्टा चालते. जपानमध्ये ओबोनला पूर्वज येतात तेही उन्हाळ्यात, आणि क्योटोमध्ये १६ ऑगस्टला डोंगरांवर प्रचंड अग्नी पेटवून त्यांना निरोप देतात. इंडोनेशियातल्या तोराजा लोकांत तर मोठ्या अंत्यविधीची तयारी होईपर्यंत देह घरातच ठेवतात, कधी कधी वर्षानुवर्षं, आणि तोवर त्या माणसाला मेलेला नव्हे, आजारी मानतात.

चारही ठिकाणी ‘पूर्वजांचा आदर’ आहे, असं म्हणून फार काही हाती लागत नाही. मृत माणूस कधी मेला असं मानायचं, तो परत येतो तेव्हा त्याला भ्यायचं की त्याच्याबरोबर हसायचं, हे विचारलं की चार वेगवेगळी घरं दिसायला लागतात. आणि बाहेरच्या माणसानं कोल्हापूरबद्दल हेच विचारलं तर त्याला पंचगंगा स्मशानभूमी दाखवा. इथं महापालिका दहन मोफत करते आणि होळीच्या सुमाराला लोक शेणी दान करतात. अनोळखी माणसाच्या सरणासाठी सण साजरा करणाऱ्यांनी जळण द्यायचं, हे सगळीकडे होत नाही.

अंबाबाईच्या किरणोत्सवासारखं जगात आणखी कुठं आहे का?

आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या चरणांपासून वर चढतात. इजिप्तमध्ये अबू सिंबेलच्या देवळात २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला उगवतीचा सूर्य थेट गाभाऱ्यात जातो. तिथं चार मूर्ती आहेत; तिघांवर उजेड पडतो आणि प्ताह हा पाताळाशी नातं असलेला देव अंधारातच राहतो. आस्वान धरणाच्या पाण्यात हे देऊळ बुडणार होतं, म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये ते कापून वर उचलून पुन्हा उभारलं. आयर्लंडमधलं न्यूग्रेंज हे दगडी थडगं तर इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० चं. तिथं २१ डिसेंबरच्या आसपास सकाळी काही मिनिटं उजेड आत शिरतो. आत जागा इतकी कमी की कुणी जायचं याची सोडत काढतात.

मात्र एक सावधगिरी. न्यूग्रेंजला उजेडासाठी दारावर वेगळी खिडकी ठेवलेली आहे, त्यामुळे हेतू स्पष्ट आहे. मेक्सिकोतल्या चिचेन इत्सा इथं विषुवदिनाला, म्हणजे दिवस-रात्र समान असतात तेव्हा, पिरॅमिडच्या पायऱ्यांवर सर्पाची सावली पडते. ती मुद्दाम साधलेली की योगायोग, यावर अभ्यासक अजून भांडतात. दिसतं म्हणून योजलंच होतं, असं धरू नका. आणि आपल्याकडे तर किरणांच्या वाटेत कुठल्या इमारती येतात हाच दरवर्षीचा विषय. हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरानं सूर्याची दिशा धरली, आपल्याला टेरेसवरची पाण्याची टाकी हलवता येत नाही.

रमजान, मोहरम दरवर्षी मागं सरकतात, दिवाळी मात्र जागेवर राहते. असं का?

चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५. आपण दर अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून हिशेब जुळवतो. ज्यू लोकही तसंच करतात, १९ वर्षांत ७ महिने. इस्लामी पंचांगात अधिक महिना नाही, म्हणून सण दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतात आणि ३२-३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतात. कोल्हापुरात याचा एक देखणा परिणाम होतो: २०१८ ते २०२० या वर्षांत गणपती आणि मोहरम एकत्र आले आणि कित्येक तालमींत गणेशमूर्तीशेजारीच पंजा बसला. आता असा योग २०५० च्या सुमाराला.

पंजे आणि ताबूत फक्त आपल्याकडेच हिंदू-मुसलमान मिळून बसवतात का?

मुळीच नाही, आणि ही आमच्या बैठकीतली सगळ्यात रंगलेली चर्चा होती. इसवी सन ६८० मध्ये करबला इथं इमाम हुसेन मारले गेले, त्याचा हा शोक. इराणमध्ये त्या दिवसांत ताझिया नावाचं नाट्य होतं. प्रेक्षकांना शेवट पाठ असतो, तरी ते हमसून रडतात. भारतात हा शोक आला आणि त्याला मिरवणूक मिळाली. इंग्रजांच्या फौजेतल्या भारतीय शिपायांबरोबर तो सुमात्रा बेटावर गेला. तिथल्या परियामान गावात आजही उंच मनोरे करून समुद्रात सोडतात. ऊसमळ्यावर गेलेल्या मजुरांबरोबर तो वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला गेला आणि ‘होसे’ झाला. त्यात शिया, सुन्नी, हिंदू, आफ्रिकी वंशाचे, सगळे ताबूत बांधतात, ढोल वाजवतात. १८८४ साली इंग्रज सरकारनं मिरवणुकीला शहरात यायला मनाई केली, मजूर ऐकले नाहीत, पोलिसांनी गोळ्या चालवल्या. मेलेल्यांत हिंदूही होते.

तिथल्या काही धार्मिक मंडळींचा आक्षेप असा की शोकाची जत्रा झाली. कोल्हापुरातही तशी कुरकुर ऐकू येते, दोन्ही बाजूंनी. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती आहे, हे बाहेरच्या पाहुण्याला आपण कौतुकानं दाखवतो. दाखवावंच. पण ज्याच्यासाठी हा महिना दुःखाचा आहे त्या माणसाला पंजांपुढचे खेळ कसे वाटतात, हेही एकदा विचारून बघा. ‘ऐक्य’ एवढ्या एका शब्दात हे बसत नाही.

कुस्ती मूळची कुणाची?

कुणाचीच नाही आणि सगळ्यांची. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींतला पैलवान मातीला हात लावून कपाळाला लावतो. इराणच्या जोरखान्यात पैलवान खालच्या आठकोनी हौदात उतरताना जमिनीला वंदन करतो. तिथं लाकडी मुदगल फिरवतात, फक्त व्यायाम चालू असताना एक जण वर बसून ढोल वाजवत फिरदौसी, हाफिज या फारसी कवींच्या ओळी म्हणतो. कविता ऐकत जोर मारायचे, ही कल्पना आमच्यातल्या एका जुन्या पैलवानाला फार आवडली. तुर्कस्तानात एदिर्ने इथं पैलवान चामड्याची तुमान घालून अंगभर ऑलिव्ह तेल ओततात, म्हणजे पकड सुटत राहावी. आपण तेल मातीत मुरवतो, ताक, हळद, लिंबू यांच्याबरोबर. मंगोलियात वजनी गट नाहीत. चुटकीसारखा गडी डोंगराएवढ्यासमोर उभा राहतो.

जपानच्या सुमोचा आखाडा पवित्र, म्हणून बाईनं त्यावर पाय ठेवायचा नाही. एप्रिल २०१८ मध्ये माइझुरू शहराचे महापौर आखाड्यावर भाषण करताना कोसळले, मदतीला धावलेल्या स्त्रियांना ‘खाली उतरा’ अशी घोषणा झाली आणि देशभर संताप उसळला. आपल्या तालमीतही बायकांना मज्जावच होता. फरक असा की इथं महिलांच्या कुस्तीनं मॅट धरली आणि २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. जुन्या तालमींची तांबडी माती अजून बऱ्याच अंशी पुरुषांचीच आहे. तेव्हा सुमोवर टीका करताना आवाज बेतानं चढवा.

आपलं जेवण तरी अस्सल आपलं आहे ना?

उपवासाचं ताट बघा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिकडचाच, शेंगदाणे, रताळं, हिरवी मिरची, सगळं अमेरिका खंडातलं. १४९२ नंतर युरोपीय जहाजांतून हे जगभर पसरलं. म्हणजे जे सोवळ्यात सगळ्यात कडक ताट, त्यातलं जवळजवळ काहीच पाचशे वर्षांपूर्वी इथं नव्हतं. आणि जे इथलं जुनं, ते तांदूळ-गहू त्या दिवशी वर्ज्य. तांबड्या रश्श्याचा तांबडेपणाही मिरचीमुळेच. त्याआधी तिखटपणा मिरी, पिंपळी, आल्याचा.

राजगिऱ्याची गोष्ट तर भन्नाट. मेक्सिकोतले अॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून प्रसाद म्हणून मोडून खात. स्पॅनिश पाद्र्यांना त्यात आपल्या पवित्र भाकरीची नक्कल दिसली आणि त्यांनी ते दडपलं. तरी आज मेक्सिकोच्या रस्त्यावर राजगिरा आणि मध किंवा गुळासारख्या पाकाची वडी मिळते. ती खाल्ली तर एकादशीची चिक्कीच वाटेल. तिकडचं दडपलेलं धार्मिक अन्न इकडे येऊन पुन्हा धार्मिक झालं, आणि कुणी कुणाला विचारलं नाही.

ऊस तर आपलाच?

ऊस पहिल्यांदा लावला न्यू गिनी बेटावरच्या लोकांनी, हजारो वर्षांपूर्वी. रस आटवून दाणेदार साखर करण्याची युक्ती मात्र भारताची. इथून ती इराण, अरबस्तान करत भूमध्य समुद्रापर्यंत गेली. १४९३ मध्ये कोलंबसानं दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. पुढचं वाचताना घशाशी येतं. अटलांटिकच्या गुलामव्यापारात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसं जहाजांत कोंबली गेली, आणि त्यांतल्या फार मोठ्या हिश्श्याच्या माथी ऊसमळे आले. इंग्रजी साम्राज्यात १८३४ मध्ये गुलामी उठली, तशी मळेवाल्यांनी भारतातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली. मॉरिशसमध्ये उतरलेल्यांत मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आज घरी क्रिओल बोलतात, गणेश चतुर्थीला मूर्ती समुद्रात सोडतात आणि त्या दिवशी देशाला सुट्टी असते.

कोलंबियाचा पानेला, ब्राझीलची रापादुरा, ओकिनावाची काळी साखर, हे सगळे गुळाचेच भाऊबंद. करवीर-कागलच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या ते एका वासात ओळखेल. आपल्याकडे गुऱ्हाळ म्हटलं की रस, काकवी, पाहुण्यांची वर्दळ आठवते. ऊस म्हटल्यावर जमैकातल्या माणसाला काय आठवत असेल, हे त्याच्या जागी जाऊन ऐकायला हवं. आणि आपल्या शिवारात पालं टाकून राहणाऱ्या ऊसतोड टोळ्यांना काय वाटतं, तेही.

प्राडानं कोल्हापुरी चपलेची चोरी केली का?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत जे दिसलं ते कोल्हापुरीसारखं होतं आणि भारताचा उल्लेख नव्हता. इथून ओरड झाली, मग कंपनीनं प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलांची असल्याचं मान्य केलं. डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. २०१९ च्या भौगोलिक मानांकनात दोन्ही राज्यांचे मिळून आठ जिल्हे आहेत. एकट्या कोल्हापूरचा तो हक्क नाही, हे रागाच्या भरात आपण विसरलो होतो.

माझं मत: नक्कल होणं ही अडचण नाही, चपला कायम एकमेकांच्या बघूनच झाल्या. अडचण नाव आणि पैसा कुणाकडे जातो ही. त्यावर आपणही साफ नाही. कातडं कमावणाऱ्या आणि चप्पल शिवणाऱ्या जातींना पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवून त्यांच्या हातची चीज ‘आमची शान’ म्हणणं, हेही एका परीनं नाव लाटणंच आहे. मेक्सिकोनं २०२२ मध्ये आदिवासी समाजांच्या नक्षीकामाला कायद्याचं संरक्षण दिलं, ते वाचण्यासारखं आहे: हक्क समाजाचा, एका कारागिराचा किंवा सरकारचा नव्हे.

जाता जाता, शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये पोरांना पिसांचा टोप घालून ‘रेड इंडियन’ करणं आता थांबवा. अमेरिकेतल्या लकोटासारख्या मूळ रहिवाशांत तसा टोप पराक्रमानं मिळवावा लागतो.

युनेस्कोनं आपल्या गोष्टींना ‘जगात सर्वश्रेष्ठ’ ठरवलंय का?

युनेस्को कुणाला पहिला नंबर देत नाही. आपलं राष्ट्रगीत जगात सर्वश्रेष्ठ ठरलं, हा फिरणारा मेसेज खोटाच आहे. युनेस्को फक्त याद्या करते. एक यादी ठिकाणांची: तीत पश्चिम घाटाबरोबर राधानगरी अभयारण्य (२०१२) आणि मराठा लष्करी किल्ल्यांबरोबर पन्हाळा (२०२५) आहे. दुसरी जिवंत परंपरांची, तीत डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळी गेली. बस्स.

एखादी परकी प्रथा क्रूर वाटली तर तिला क्रूर म्हणायचं की नाही?

म्हणा. समजून घेणं म्हणजे मान डोलावणं नव्हे. फक्त ती कशी बदलली, हेही वाचा. चीनमध्ये मुलींचे पाय बांधून लहान ठेवायची रीत शेकडो वर्षं चालली. परदेशी पाद्र्यांनी शिव्या घालून ती गेली नाही. आईबापांनी मंडळं काढली आणि शपथ घेतली की मुलीचे पाय बांधणार नाही आणि तसे पाय असलेली सूनही करणार नाही. सरकारी बंदी आली १९१२ मध्ये. सेनेगलमध्ये मुलींची खतना बंद करायची घोषणा १९९७ मध्ये एका गावच्या बायकांनी केली, आणि लौकरच लक्षात आलं की ज्या गावांत सोयरीक होते ती सगळी गावं एकदम ठरली तरच ते टिकेल. रूढीची मुळं बहुतेकदा लग्नाच्या बाजारात असतात.

आपल्या गावात हे नवं नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवाविवाहाचा कायदा केला, १९२० मध्ये देवाला मुली सोडण्याविरुद्ध कायदा केला. विरोध करणारेही इथलेच होते आणि तेही ‘आपली संस्कृती’ म्हणूनच बोलत होते. त्यामुळे कुणी ‘त्यांच्याकडे असंच असतं’ म्हणालं की आम्ही विचारतो: त्यांच्यातल्या कुणाकडे?

घरी परदेशी पाहुणे येणार आहेत. तांबडा-पांढरा करायचा का?

आदल्या दिवशी विचारा. ‘सगळं चालतं’ असं पाहुणा भिडेखातर म्हणतो. मुस्लिम पाहुण्याला मटण हलाल आहे का ते आपणहून सांगा. धर्म पाळणारा ज्यू मांस आणि दूध एकत्र खात नाही. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा असल्यानं ती अडचण येत नाही, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएलही गोडधोड करताना नारळाचंच दूध वापरत आले. पण मटण त्यांच्या पद्धतीनं कापलेलं लागतं आणि भांडीही वेगळी, तेव्हा फळं आणि न फोडलेला नारळ हे उत्तम. थायलंड, श्रीलंकेचे बौद्ध भिक्खू आले तर जेवण दुपारी बाराच्या आत वाढा, त्यानंतर ते जेवत नाहीत. मांस मात्र त्यांतले बरेच जण खातात, याचं आपल्याकडे अनेकांना नवल वाटतं.

तिखटाबद्दल आधी सांगून ठेवा आणि दही जवळ असू द्या. निघताना मसाला बांधून द्यायची आपल्याला हौस असते. कांदा-लसूण मसाला खुशाल द्या, दोन पिशव्यांत घट्ट बांधून, नाहीतर त्यांच्या सगळ्या कपड्यांना वास लागेल. पांढऱ्या रश्श्यासाठी म्हणून खसखस मात्र देऊ नका. सिंगापूर, दुबई, सौदीत ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि पाहुणा विमानतळावर अडकतो.